दाराचं रबर बदलण्याआधी दार तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी वीसेक वर्षांची, चार दारांची. पाऊस झाला की चालकाच्या पायाखालचं कार्पेट ओलं होतं. वेग वाढला की दाराच्या मागच्या वरच्या कोपऱ्यातून शिट्टी वाजते. दारांची रबरं चपटी झालीत, कोपऱ्यांत चिरलीत. सिलिकॉन सीलंट भरून पाहिलं, ते सुटून आलं. आता सगळी रबरं स्वतः बदलायची आहेत, तर मीटरवर मिळणारं चालेल का, चिकटवायचं कशानं, आणि नवीन रबरानंतर दार घट्ट होतं ते कसं टाळायचं?

स्वतः बदलता येतात. गाडीच्या कामांत हे काम कठीण नाही, वेळखाऊ आहे. पण खरेदीला निघण्याआधी थोडं थांबा. चपटं रबर डोळ्यांना दिसतं म्हणून सगळा दोष त्याच्या माथी जातो. पायाखालचं पाणी आणि कोपऱ्यातली शिट्टी या दोन वेगळ्या तक्रारी असू शकतात, आणि दोन्हींचं मूळ रबराबाहेर असू शकतं.

आधी पाणी. दार आतून कोरडं असतं, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात काचेवरून ओघळणारं थोडं पाणी काचेच्या खालच्या बाहेरच्या पट्टीतून दारात उतरतंच. ते बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगानं खाली जातं आणि दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडतं. आतला ट्रिम पॅनल, म्हणजे दाराचं केबिनकडचं आवरण, आणि दाराचा पत्रा यांच्यामध्ये एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. दारातलं पाणी केबिनमध्ये येऊ नये, एवढंच त्याचं काम. जुन्या गाडीत काचेच्या मोटरसाठी किंवा स्पीकरसाठी कोणीतरी कधीतरी ट्रिम उघडलेला असतो आणि परत लावताना हा कागद फाटका राहतो, अर्धवट चिकटवला जातो किंवा चक्क काढून टाकला जातो. मग पाणी ट्रिमच्या मागून उतरून थेट कार्पेटवर येतं. ते मुख्य रबराच्या आतल्या बाजूनं येत असल्यामुळे कितीही महागडं रबर बसवलं तरी थांबत नाही. ट्रिमचा खालचा भाग फुगलेला किंवा डागाळलेला दिसला तर आधी इथे बघा. कागद ब्यूटाइल टेपनं (मऊ, चिकट रबरी टेप) नीट चिकटवा, त्याची खालची कड दाराच्या आत वळलेली राहील असं पाहा, आणि तळाची भोकं तारेनं मोकळी करा.

बाकीचे संशयित पटकन सांगतो. वायपरखालच्या जाळीत पालापाचोळा साचून निचरा तुंबला की पाणी ब्लोअरच्या वाटेनं आत येतं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्या तुंबतात. पाऊस नसतानाही, एसी चालवल्यावर ओल दिसत असेल तर एसीच्या पाण्याची नळी बघा. ओल चिकट असेल आणि तिला गोडसर वास असेल, तर तो कूलंट आहे. हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय, तिथे रबराचा काही संबंध नाही.

आता पाण्याची चाचणी. एकानं टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून नळी धरायची. नोझल लावू नका, धार संथ ठेवा. सुरुवात खालून करा: आधी दाराची चौकट तळाशी, मग हळूहळू वर, प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. प्रेशर वॉशर तर वापरूच नका. तो चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो आणि तुम्ही उगाच त्याला दोषी ठरवता.

रबर दाराला कुठे टेकतंय आणि कुठे नाही, हे पाहण्यासाठी मला खडूची पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते. रबराच्या माथ्यावर सगळीकडे खडूची पूड चोळा, दार नेहमीसारखं बंद करा, उघडा. दारावर पांढरी रेघ उमटेल. रेघ तुटली तिथे स्पर्श नाही, रेघ बारीक झाली तिथे दाब कमी, रुंद झाली तिथे जास्त. या रेघेचे फोटो काढून ठेवा, नवीन रबर बसवल्यावर ताडून पाहता येतात. कागदाची पट्टी दारात धरून ओढण्याची पद्धतही चालते, पण ती एका वेळी एकाच जागेबद्दल सांगते.

शिट्टीसाठी मास्किंग टेप घ्या. दार आणि बॉडीमधली फट बाहेरून टेपनं पूर्ण बंद करा. अर्थातच चालकाच्या दाराची पाळी असेल तेव्हा दुसऱ्या दारानं आत शिरावं लागेल, आणि गरज पडली तर ते दार आतून ढकलून टेपसकट उघडतं ना, ते आधी बघून घ्या. त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं गाडी चालवा. आवाज गेला तर तो दाराच्या फटीतूनच येत होता. मग थांबून एकेक तुकडा काढत जा, चोर सापडतो. टेप लावूनही आवाज राहिला तर आरशाचा पाया, छताच्या कडेची पट्टी किंवा कोपऱ्यातली छोटी स्थिर काच तपासा.

तुमची शिट्टी नेमकी मागच्या वरच्या कोपऱ्यात आहे, म्हणून मला बिजागऱ्यांचा दाट संशय येतो. दार अर्धं उघडा, मागच्या कडेला धरून वर उचला. हाताला खुळखुळ जाणवली तर बिजागरीची पिन किंवा बुश (पिनभोवतीची बारीक नळी) झिजलंय. दार बंद करताना ते स्ट्रायकरवर, म्हणजे दाराचं कुलूप ज्यात अडकतं त्या चौकटीवरच्या कडीवर, चढून किंचित वर उचललं जातंय का, तेही बघा. दार मागून उतरलं की त्याची वरची मागची कड चौकटीपासून लांब जाते आणि रबराला तिथे पोहोचता येत नाही. अशा वेळी लोक जाडजूड रबर बसवतात. वरची फट भरते खरी, पण बिजागरीकडच्या बाजूला तेच रबर चेंगरतं, दार परत ढकलतं, आणि दार आपटायची सवय लागते. त्यातून बिजागरी आणखी झिजते. म्हणून आधी बुश किंवा पिन बदला, दार सरळ करा, स्ट्रायकर जुळवा, आणि मग पुन्हा खडू. कित्येकदा एवढ्यावरच जुनं रबर निम्म्या जागी पुन्हा टेकायला लागतं.

दार सरळ आहे आणि तरी रेघ तुटते, तर मग रबर.

आजच्या बहुतेक गाड्यांच्या दारांचं रबर ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं. १९६० च्या दशकापासून ते वापरात आलं. त्याआधीच्या गाड्यांत नैसर्गिक रबर किंवा निओप्रीन हे दुसरं कृत्रिम रबर सापडतं. फरक महत्त्वाचा आहे. हवेतला ओझोन नैसर्गिक रबराच्या मुख्य साखळीतले दुहेरी बंध तोडतो, आणि जिथे रबर ताणलेलं असेल तिथेच ते आधी चिरतं. चिरा नेहमी ताणाला आडव्या पडतात. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नसल्यामुळे ते ऊन, उष्णता आणि ओझोन यांना खूप काळ दाद देत नाही. त्याचं म्हातारपण वेगळं असतं: वर्षानुवर्षं दाबून राहिलं की ते पूर्वीच्या आकारात परत येत नाही. आणि त्याचा खरा शत्रू म्हणजे पेट्रोलियमचं तेल. ग्रीस, इंजिन ऑइल, व्हॅसलीन, गंज सोडवणारे स्प्रे यांनी ते फुगतं आणि मऊ पडतं. दार कुरकुरतं म्हणून असलं काही रबरावर मारलेलं असेल, तर चपटेपणाचं एक कारण तेही असू शकेल.

मीटरवर मिळणारं रबर चालतं का? चौकटीच्या पत्र्याच्या कडेवर नुसतं दाबून बसणारं, आत धातूचा कणा असलेलं रबर असेल, आणि कोपरे प्रशस्त वळणाचे असतील, तर खुशाल घ्या. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. एक, पकड पत्र्याच्या कडेच्या जाडीला बसणारी हवी. ही कड कुठे दोन पत्र्यांची, कुठे तीन पत्र्यांची असते, म्हणून चार ठिकाणी मोजा. दोन, पोकळ गोल भाग पकडीच्या डोक्यावर आहे की बगलेला, ते जुन्यासारखंच हवं. तीन, त्या गोलाचा व्यास. जुन्या रबराच्या कोपऱ्यांत साच्यातून काढलेले वेगळे तुकडे जोडलेले दिसत असतील, तर मात्र मीटरच्या मालाच्या वाटेला जाऊ नका. ते रबर अरुंद वळणावर दुमडतं, गोल भाग आतून बसतो, आणि पाणी बरोबर त्याच कोपऱ्यातून येतं. तिथे मॉडेलसाठीच बनवलेला संच घ्या, आणि घेताना तो वर्षानुवर्षं गोदामात पडलेला नाही ना, ते वाकवून बघा. वाकवल्यावर पृष्ठभागावर बारीक चिरा दिसल्या तर परत द्या.

व्यास जुन्या रबरावरून मोजू नका, ते तर आधीच दबलेलं आहे. फट मोजा. जुनं रबर काढल्यावर मुलांच्या खेळातली माती पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तिचे गोळे चौकटीवर पाच-सहा ठिकाणी ठेवा, दार हलकेच पूर्ण बंद करा, उघडा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. बंद दारात रबराचा साधारण एक तृतीयांश भाग दबला पाहिजे. म्हणजे फट १० मिमी असेल तर सुमारे १५ मिमीचा गोल. त्याहून फार मोठा घेतला तर दार बंद होताना भांडेल. फट एका ठिकाणी ७ आणि दुसऱ्या ठिकाणी १४ मिमी निघाली, तर रबर राहू द्या आणि पुन्हा बिजागरीकडे वळा.

एका वेळी एकच दार हाती घ्या. शेजारचं दार नमुना म्हणून शाबूत राहतं. जुनं रबर कापून फेकू नका. त्याची लांबी, सांधा कुठे होता, क्लिपांची जागा, सगळं त्यावरूनच कळतं.

दाबून बसवलेलं रबर हातानंच ओढून निघतं. क्लिपांचं असेल तर प्लॅस्टिकच्या चपट्या हत्यारानं क्लिपच्या अगदी खालून उचला. काही क्लिपा तुटणारच, त्या आधीच आणून ठेवा. चिकटवलेलं असेल तर हेअर ड्रायरनं गरम करत, प्लॅस्टिकच्या स्क्रॅपरनं सावकाश. उरलेला जुना गोंद मिनरल स्पिरिटनं मऊ होतो. कोणतंही द्रावण आधी न दिसणाऱ्या जागी लावून रंगावर काय होतं ते पाहा. लॅकर थिनर जवळही आणू नका, तो रंग उचलतो.

तुमच्या बाबतीत सगळ्यात कटकटीचा भाग हाच असेल, कारण तिथे सिलिकॉन आहे. सिलिकॉनवर दुसरा कुठलाच गोंद धरत नाही, रंगही धरत नाही. शिवाय लावताना त्याला व्हिनेगरसारखा वास आला असेल, तर ते वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडणारं होतं, आणि उघड्या पत्र्याला ते गंज चढवतं. आधी जेवढं सोलून निघेल तेवढं सोला, मग सिलिकॉन रिमूव्हरनं घासा, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पाण्याचा थेंब टाकून बघा. गोळा होऊन पळत असेल तर सिलिकॉन अजून शिल्लक आहे.

खाली गंज दिसला, आणि या वयाच्या गाडीत तो बहुधा दिसेलच, तर त्यावर रबर चढवू नका. घासून चकचकीत करा, प्रायमर द्या, रंग द्या, पूर्ण सुकू द्या. यात एक-दोन दिवस दाराला रबर नसेल, तेव्हा पावसाचे दिवस टाळा. गंजावर लावलेला गोंद गंजालाच धरून राहतो, आणि पापुद्रा सुटला की रबरासकट खाली येतो. कड खाऊन गेली असेल तर रबराची पकडच धरणार नाही. तिथे पत्र्याचं काम करणाऱ्याला बोलवा.

नवीन रबर बसवण्याआधी उन्हात पसरून ठेवा. घड्या सुटतात, ते मऊ पडतं. साचेबंद कोपरे असतील तर सुरुवात कोपऱ्यांपासून करा, मग मधले सरळ भाग. रबर ताणून लांबी पुरवायचा मोह आवरा. आज बसलेलं रबर उद्या आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. शिवाय ताणलेल्या जागीच चिरा आधी येतात. उलट प्रत्येक हातभर अंतराला ते सांध्याच्या दिशेनं किंचित मागे ढकलत चला. सांधा चौकटीच्या तळाशी, मध्यावर ठेवा. शेवटचा काप मारताना काही मिमी जास्तच ठेवा, दोन्ही टोकं एकमेकांना दाबून बसली पाहिजेत. नव्या ब्लेडनं काटकोनात कापा, पोकळ भागात स्पंजच्या दोरीचा बोटभर तुकडा दोन्हीकडे जाईल असा सरकवा आणि सायनोॲक्रिलेट गोंदाच्या थेंबानं टोकं जोडा. मग रबरी हातोडीनं सगळीकडे ठोकून पकड खालपर्यंत बसवा. रबर अधूनमधून वर उचललेलं राहिलं तर खडूची रेघ तिथे बरोबर दाखवते.

पोकळ रबराला मधूनमधून बारीक भोकं असतात. ती कारखान्यातला दोष समजून गोंदानं बुजवू नका. दार बंद होताना आतली हवा तिथून बाहेर जाते. बुजवली तर रबर फुग्यासारखं तटतं आणि दार परत येतं. दाराच्या तळाची निचऱ्याची भोकंही तशीच मोकळी राहू द्या.

चिकटवायच्या रबरासाठी वेदर स्ट्रिपसाठीच (दाराच्या अशा रबरासाठी) बनवलेला, दोन्ही पृष्ठभागांवर लावायचा गोंद घ्या. काळा घ्या, पिवळ्याचे डाग लपत नाहीत. रबराच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. पातळ थर इकडे, पातळ थर तिकडे, आणि बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतपत सुकू द्या. मग दाबा. एका वेळी फूट-दीड फूटच घ्या, कारण हा गोंद एकदा धरला की सरकवायची संधी देत नाही. खूप थंडीत किंवा तापलेल्या पत्र्यावर हे काम नको. गोंदाच्या डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत दार बंद करायची घाई करू नका. बंद करावंच लागलं तर रबराच्या माथ्यावर टाल्कम पावडर लावा, म्हणजे रबर दारालाच चिकटणार नाही.

हो, दार घट्ट होतं. नवीन रबर दबून रुळायला काही दिवस लागतात. तोवर रात्री दारं पूर्ण बंद ठेवा. दार लावताना एखादी काच थोडी खाली असली की आतली हवा अडत नाही आणि जोर कमी लागतो. काही आठवड्यांनीही आपटावंच लागत असेल, तर स्ट्रायकरच्या कडेनं मार्करनं रेघ मारून ठेवा, स्क्रू सैल करा आणि स्ट्रायकर जेमतेम एक मिमी बाहेर घ्या. पुन्हा खडू. बाहेर घेता घेता दार बॉडीच्या पातळीपुढे आलं, तर समजा की रबर जाड झालं आहे, आणि स्ट्रायकर मूळ रेघेवर परत न्या.

काचेचं चॅनल (काच वर-खाली सरकते ती खाच) आणि काचेच्या खालच्या पट्ट्या याच कामात उरकून घ्या, ट्रिम उघडलेलाच असेल. काच वर जाताना कण्हते, हळू सरकते, उभे ओरखडे पडतात, ही त्यांच्या झिजण्याची खूण. पट्टीवरची मखमल गेली की खालचा धातू काचेला घासतो. नव्या चॅनलमध्ये सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा पुरतो. ग्रीस धूळ धरून ठेवतं आणि तीच धूळ काचेला ओरखडते. स्प्रेचं सिलिकॉन आणि सीलंटचं सिलिकॉन यांत गल्लत करू नका, आणि गोंदाचं सगळं काम संपेपर्यंत हा स्प्रे गाडीजवळ उघडू नका.

डिकीचं रबर दारांआधी तपासा, असं मी प्रत्येकाला सांगतो. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो आणि एक्झॉस्टचा धूर तिथेच घोटाळतो. डिकीच्या फटीतून तो केबिनमध्ये ओढला जातो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डिकीत पाणी साचत असेल तर टेललाइटच्या गास्केटही बघा, तिथून पुष्कळदा येतं. बॉनेटच्या मागच्या कडेची पट्टीही जुन्या गाड्यांत बऱ्याचदा गायब असते. इंजिनची गरम हवा आणि वास ब्लोअरच्या तोंडाशी जाऊ न देणारी तीच असते.

पुढच्या काचेला मात्र हात लावू नका. रबरी चौकटीत बसवलेली असेल तर दोरी ओढून बसवायची रीत आहे, पण त्यासाठी दोन अनुभवी माणसं लागतात. युरेथेननं, म्हणजे काच चिकटवायच्या मजबूत गोंदानं, चिकटवलेली असेल तर ती काच बॉडीच्या मजबुतीचा भाग असते, आणि अनेक गाड्यांत पुढच्या प्रवाशाची एअरबॅग उघडताना तिच्यावरच टेकते. ते काम करणाऱ्यांकडेच द्या.

सगळं बसल्यावर गोंद सुकू द्या, पाण्याची चाचणी पुन्हा खालून वर करा. कार्पेट उचलून त्याखालचा फोम पूर्ण वाळवून घ्या, नाहीतर जुनीच ओल कित्येक दिवस वर येत राहील आणि तुम्ही नवीन रबर उपटायला निघाल.